बाबांच्या कॉम्प्युटरवरची पाटी

बाबांनी कॉम्प्युटर घेतल्याची बातमी मला आईकडून कळली, तीही तक्रारीच्या सुरात. फोनवर ती म्हणाली, "तुह्या बापानं अकोल्याहून टीव्हीसारखं काहीतरी आनलं. त्याच्यात एकही मानूस दिसत नाही."

मी तेव्हा मोताळ्याच्या शाळेत शिकवत होते. आई-बाबा नांदुऱ्याला राहायचे. बाबा रेल्वेत केबिनमन होते. रुळांच्या कडेला उंच केबिन असायची, वरच्या मजल्यावर लोखंडी लिव्हरची रांग. ते लिव्हर ओढून बाबा सिग्नल पाडायचे, गाडी दुसऱ्या रुळावर नेणारे सांधे बदलायचे. निवृत्तीनंतर स्टेशनपासून फार लांब नाही अशा वस्तीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या, कारण गाड्यांचा आवाज नसला तर त्यांना झोप लागत नसे. आईला उलट, आवाज असला की झोप लागत नसे. तरी ती तिथंच राहिली.

कॉम्प्युटर घेण्यामागं कारण आईच होती. बारसं असो, हळद असो की जयंतीची मिरवणूक, आमच्या वस्तीत आईला बोलावल्याशिवाय गाणं सुरू होत नसे. तिची गाणी तिच्या आईकडून आलेली, काही तिनं स्वतः जोडलेली. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती. गाणी सगळी डोक्यात. बाबांच्या मनात आलं की ही उतरवून ठेवावीत, आणि नुसती हातानं नाही तर छापल्यासारखी. त्यांचं अक्षर सुंदर होतं. पण छापलेल्या अक्षराला लोक मान देतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी अकोल्यातल्या एका दुकानातून कोण्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला, पक्कं बिल करून, आणि तो गोधडीत गुंडाळून रेल्वेनं घरी आणला.

मी लगेच जाऊ शकले नाही. परीक्षा होत्या, मग पेपर तपासणं. फोनवर विचारलं की बाबा म्हणायचे, "चांगला चालू हाय." गाणी किती झाली विचारलं की म्हणायचे, "होतीन." बाबा खोटं बोलत नाहीत, म्हणून मी निश्चिंत होते.

एका रविवारी सकाळच्या एसटीच्या गाडीनं गेले. समोरच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता, आईच्या जुन्या पातळाचा तुकडा घालून झाकलेला. मी म्हटलं, "दाखवा नं बाबा, गाणे."

आई आतून लसूण सोलता सोलता म्हणाली, "कायचे गाणे? रोज सकाळी आंघोळ करतात, धुतलेलं शर्ट घालतात, मशीनसमोर बसतात. बटन दाबतात, दोन मिनिटं वाचतात, अन् बंद करतात. वंदना घेतल्यावानी."

"बाबा?"

"मशीन चालू हाय," बाबा म्हणाले. "मीच चालत नाही त्याले."

त्यांनी कापड काढून नीट घडी केली आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, आणि मग पासवर्डच्याही आधी निळ्या पडद्यावर एक चौकट उमटली. इंग्रजीत मथळा होता, सिस्टिम पॉलिसी. खाली मजकूर, त्याचा अर्थ असा: ही यंत्रणा फक्त अधिकृत व्यक्तींसाठी आहे. इथं केलेलं प्रत्येक काम धोरणाला बांधील राहील. आपण अधिकृत नसाल तर ताबडतोब बाहेर पडा. ओके दाबल्यास हे धोरण आपल्याला मान्य आहे असं समजलं जाईल. त्याखाली ओकेचं बटण. रेल्वेच्या पत्रकांमुळं बाबांना एवढं इंग्रजी लागत होतं.

"मंग तुमी काय केलं?" मी विचारलं.

"काय करीन? भाईर पडलो. लिवलंच हाय तसं."

"रोज?"

"रोज. एखांद्या दिवशी नसंल म्हनून पाह्यतो. पन रायतेच."

मला हसू फुटलं. बाबांना नाही. ते पडद्याकडं अशा नजरेनं बघत होते की माझं हसू आपोआप थांबलं.

ती नजर माझ्या ओळखीची होती. लहानपणी मी दुपारचा डबा घेऊन केबिनवर जायची. चपलेतून गिट्टी टोचायची आणि उन्हात रुळांवरची हवा थरथरायची. केबिनच्या जिन्याखाली एक पत्र्याची पाटी होती: परवानगीशिवाय वर येण्यास मनाई. मला वर जायची फार हौस. ते चकचकीत लिव्हर, लाल-निळ्या रंगाचे, ओढले की दूरवर सिग्नलचा हात खाली पडतो, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या केबिनवरच्या काकांची मुलं वर जाऊन बसायची, लिव्हरला लोंबकळायची. बाबा मात्र खिडकीतून मला बघून स्वतः खाली यायचे. शेवटच्या पायरीवर बसून जेवायचे, मला घास द्यायचे, आणि घंटी वाजली की हात धुवून वर पळायचे. मी रडले तर म्हणायचे, "पाटी वाचता येते नं तुले? मंग?" कागदाचंही तसंच. नव्या नियमांचं पत्रक आलं की सगळ्यांनी खाली 'वाचलं व समजलं' म्हणून सही करायची असे. बाकीचे रांगेनं सह्या ठोकायचे. बाबा पत्रक घरी आणून कंदिलाजवळ बसून वाचायचे आणि समजलं नाही तर सही न करता साहेबांना विचारायला जायचे. त्यांच्यामुळं साहेबांनाच ते आधी वाचून ठेवावं लागे, असं लोक गमतीनं म्हणत.

असा माणूस ओके कसा दाबणार?

"अवो बाबा, हे नुसतं लिवलेलं हाय. सारेच दाबतात," मी म्हटलं.

"मान्य हाय म्हनून दाबा लागते. कोन्तं धोरन? मले दाखवलं कोनी? न वाचता मान्य कसं करू?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. बाबांच्या रोजच्या वाचण्यातून पॉलिसी हा एक शब्द तिनं धरला होता. "मी म्हनलं होतं नं, इम्याचं काही असंल! जुन्या मालकाचा हप्ता थकला असंल, अन् ते आता तुमच्या मांगं लागतीन."

"इमा नाही व," बाबा म्हणाले. "नियम हाय नियम."

"नियम हाय तं इतके दिवस मले काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं.

बाबा थोडा वेळ बोटांनी घडी केलेल्या कापडाची कड सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मले वाटलं, आपुनच काही चुकीचं केलं असंल. पैसे देऊन आनला, पन आपल्यासाठी नसंल."

त्या वाक्यानंतर मी पिशवी बाजूला ठेवली आणि कॉम्प्युटरसमोर बसले. मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नव्हतं. शाळेत निकालपत्रकं भरायची, माहिती वर पाठवायची, इतकंच. पण ती चौकट आज तिथून हटवल्याशिवाय मोताळ्याला परतायचं नाही, असं मी ठरवलं.

आधी वाटलं, व्हायरस असेल. फोनवरून नेट जोडून तपासणी लावली. पट्टी सरकत राहिली, तोवर आईनं भाकरी टाकल्या, आम्ही जेवलो. काही सापडलं नाही. मग वाटलं, जुन्या ऑफिसचं खातं तसंच राहिलंय, त्याच्यामुळं असेल. म्हणून बाबांच्या नावानं नवं खातं उघडलं आणि त्याला सगळे अधिकार दिले. आत जायला, दुकानदारानं बिलावर लिहून दिलेला पासवर्ड टाकण्याआधी, मला ओके दाबावंच लागलं होतं. बाबांनी तेवढ्यापुरतं तोंड खिडकीकडं केलं होतं. पुन्हा सुरू केला. बाबांच्या नावाच्याही आधी तीच चौकट हजर.

"पाह्य," बाबा म्हणाले. "नाव बदलून काय होते?"

मग अकोल्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो गिऱ्हाइकात होता. म्हणाला, "ताई, ओके दाबा नं. कायले टेन्शन घेता? त्या ऑफिसनं पन्नास मशीन काढल्या, सब पर वही आता है. नाहीच पायजे तं घेऊन या, फॉरमॅट मारून देतो."

बाबांनी फोन मागून घेतला. अदबीनं विचारलं, "भाऊ, त्या ऑफिसवाल्यायनं हे इकलं, तं त्यायचं धोरन बी इकलं का माह्यावर?"

पलीकडं दुकानदार हसला. पण मग थोडा थांबून म्हणाला, "काका, तुमची गोष्ट खरी हाय. त्यायचा आता काही संबंध नाही. ते मिटवाचं राहून गेलं."

मिटवायचं राहून गेलं. म्हणजे कुठंतरी लिहिलेलं आहे. मी फोनवर शोधत बसले. कोणाकोणाला हीच अडचण आली होती. लोकांनी वैतागून लिहिलं होतं आणि इतर लोकांनी धीरानं उत्तरं दिली होती. त्यातून कळलं की कॉम्प्युटरच्या पोटात रजिस्ट्री नावाचं एक ठिकाण असतं, तिथं त्याच्या साऱ्या सवयी नोंदलेल्या असतात. सुरुवातीची ही पाटीही तिथंच, एका ओळीत मथळा आणि एका ओळीत मजकूर. आधी त्या नोंदींची प्रत काढून ठेवा, असं सगळ्यांनी बजावलं होतं; चुकीच्या ठिकाणी हात लागला तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही.

मी सवयीनं जुन्याच खात्यात गेले आणि ते ठिकाण उघडायला लागले. लगेच दुसरी चौकट: आपल्या प्रशासकानं हे बंद केलं आहे.

"प्रशासक कोन?" बाबांनी विचारलं.

"कोनास ठाऊक. त्या ऑफिसचा कोनी सायब असंल."

"अन् तो आता कुठी हाय?"

"घरी असंल त्याच्या. रविवार हाय."

बाबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "म्हंजे सायब ड्युटीवर नाही, अन् त्याचा सिग्नल अजून लालच हाय."

खरं सांगायचं तर मी तिथंच हरले होते. संध्याकाळच्या गाडीची वेळ होत आली होती. बाबा म्हणाले, राहू दे, पुढच्या वेळी पाहू. आईनं चहा ठेवला. चहा पिता पिता बाबाच म्हणाले, "तू माह्या नावानं खातं उघडलं नं? त्याले त्या सायबानं बंद केलं असंल का? तो तं मले ओयखतच नाही."

ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. बंदी जुन्या खात्यावर होती. बाबांचं खातं आजचं, त्याच्यावर कोणाची बंदी असण्याचं कारण नव्हतं. बाबांच्या नावानं आत गेले, आणि ते ठिकाण निमूटपणे उघडलं. मी प्रत काढून ठेवली. मग डावीकडच्या पिवळ्या फोल्डरांच्या ढिगातून एकेक पायरी उतरत खाली गेले. आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिच्या हाताला लसणाचा वास होता. शेवटी त्या दोन ओळी सापडल्या. रोज बाबांना बाहेर काढणारा तो सगळा मजकूर तिथं एका बारीक ओळीत मुकाट्यानं पडला होता.

"हेच का?" बाबांनी चष्मा सावरला.

"हेच. पुसून टाकू?"

"टाक."

मी मजकूर निवडला आणि पुसला. मथळाही पुसला. तितक्यात आई म्हणाली, "आता तिथं काय राहीन?"

"काही नाही. कोरं."

"कोरं कायले? दारात मानूस आला तं या म्हना लागते. मुकं घर असते का कोनाचं?"

मी बाबांकडं पाहिलं. बाबा आईकडं पाहत होते. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "लिवता येते का तिथं आपल्याले?"

येत होतं. मी त्यांना मराठी अक्षरं कुठल्या बटणावर आहेत ते दाखवलं. बाबांनी एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं. आईनं सांगायचं, बाबांनी गाळायचं, असं चाललं. तिला लिहायचं होतं की जेवल्याशिवाय जाऊ नये. बाबा म्हणाले, कॉम्प्युटर कोनाले जेवू घालनार हाय? ती म्हणाली, कॉम्प्युटर नाही, मी घालीन. वाद बराच रंगला. माझी संध्याकाळची गाडी निघून गेली, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

शेवटी मथळा झाला, जयभीम. आणि खाली: या, बसा. हे घर तुमचंच आहे. हात धुऊन बसावे. चहा घेतल्याशिवाय उठू नये.

बाबांनी पुन्हा वाचून पाहिलं, मग आपल्या मनानं एक वाक्य जोडलं: वाचलं व समजलं असेल तरच ओके दाबावे.

कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. पंखा घरघरला. आई उभीच होती, पदर तोंडाशी धरून. निळा पडदा आला आणि त्यावर बाबांची पाटी उमटली, मराठीत, काना-मात्रा जागच्या जागी. बाबांनी ती मोठ्यानं वाचली. ते पत्रक वाचायचे तशीच, ठासून, पूर्णविरामावर थांबत. मग उठले, मोरीत जाऊन हात धुतले, पुसले, परत येऊन बसले आणि त्यांनी ओके दाबलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी थेट शाळेत गेले.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं मला आठवतात ती त्या खोलीतल्या दुपारींसाठी. सुट्टी असली की मी जायची. आई खाली बसून तूर निवडायची किंवा वाती वळायची, बाबा वर खुर्चीत. ती गायची, ते टाइप करायचे. काम अजिबात सोपं नव्हतं. बाबांचं बोट मागं राहिलं की ते म्हणायचे, "थांब, 'पाळन्याच्या दोरीले'च्या पुढं काय?" पण आईला गाणं मधून धरता येत नसे. तिला पहिल्या ओळीपासूनच यावं लागे. ती पुन्हा सुरुवातीपासून गायची, आणि त्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर बाबांच्या हातातून पुन्हा ओळ निसटायची. त्यात ती दरवेळी सारखं गायची नाही. पाळण्याच्या दोरीला एकदा रेशमाचा गोंडा असायचा, एकदा मोत्याचा.

"काल रेशमाचा म्हनलं होतं," बाबा पडद्यावर बोट ठेवून म्हणायचे.

"काल रेशमाचा होता. आज मोत्याचा हाय."

"पन खरा कोन्ता?"

"लेकरू कोनाचं हाय त्याच्यावर हाय."

बाबांनी अखेर दोन्ही लिहायला सुरुवात केली. नियमाच्या माणसाला ते जड गेलं, पण त्यांनी ते केलं. काही गाण्यांच्या खाली चार-चार पर्याय होते.

पाटीची बातमी वस्तीत पसरली. बायका मुद्दाम यायच्या, म्हणायच्या, काका, चालू करून दाखवा. बाबा सुरू करायचे, पाटी वाचून दाखवायचे, आणि लिहिलंय तसं आईला चहा करावा लागायचा. आई कुरकुरायची. मला फोनवर सांगायची, "तुह्या बापाच्या पाटीपायी साखर पुरत नाही." पण आलेल्या बाया बसायच्या, आणि बसल्या की गाणं निघायचं. पिंपळगाव राजाहून लग्न होऊन आलेल्या एका सुनेला तिच्या आजीची हळदीची गाणी येत होती, ती आईलाही माहीत नव्हती. बाबांनी तीही उतरवली. आई सुरुवातीला जरा गप्प बसली. मग तिनं त्या मुलीकडून ती शिकून घेतली, आणि दोन-तीन ठिकाणी दुरुस्त्याही सुचवल्या.

एका उन्हाळ्यात वीज वरखाली झाली आणि कॉम्प्युटर जळाला. मी घाबरत फोन केला. बाबा शांत होते. प्रत्येक गाणं झालं की ते पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि बाजारातल्या दुकानातून त्याची छापील प्रत काढून आणायचे. त्यांच्या रेल्वे खात्यात दोन ठिकाणी नोंद नसली तर ती नोंदच नव्हे. पाटी मात्र गेली. तिची प्रत कोणीच काढली नव्हती.

आता दोघं माझ्याकडं मोताळ्याला असतात. नांदुऱ्याची ती जुनी केबिन कधीच बंद झाली. सिग्नलचं सगळं काम आता दुसऱ्या यंत्रावर चालतं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. माझ्या घरी नवा लॅपटॉप आहे, तो सुरू केला की सरळ उघडतो, कोणी काही विचारत नाही. मी बाबांना म्हटलं होतं की त्याच्यावरही लिहू काहीतरी. ते म्हणाले, "तुहं घर हाय. तू ठरव." मी अजून ठरवलेलं नाही.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एक बारसं होतं. आईला बोलावणं आलं. बाबांनी छापील पानं पिशवीत घालून दिली, लागली तर असावी म्हणून. ती परत आली तेव्हा पानं तशीच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी विचारलं, "कोन्तं गाणं म्हनलं?" तर म्हणाली, "नवंच म्हनलं. पोरगी लय गोड होती."

बाबांनी लगेच खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मला म्हणाले, "तुहा लॅपटॉप आन बरं इकडं."